जग बुडाल्यानंतरची आणखी एक मालिका: बघायला घ्यावी का?

प्रश्न: नव्या मालिकेचा ट्रेलर पाहिला. जग बुडून वीस वर्षं झालीत, शहरं ओस पडलीत, मूठभर माणसं उरलीत. तरी सगळ्यांचे कपडे अंगाला नेमके बसणारे, गाड्या सुसाट धावतायत, आणि हे कशामुळे झालं याबद्दल अवाक्षर नाही. याआधी अशा दोन मालिका अर्ध्यावर सोडल्या. तिसरी रंगात आली होती, तर ती मधेच बंद पडली. कारणच पटत नसेल तर पुढचं पटावं कसं? चौदा वर्षांची मुलगी मागे लागली आहे. घेऊ का बघायला?

उत्तर: घ्या. मात्र तिसरा भाग संपेपर्यंत निकाल देऊ नका, आणि तोवर 'जग का बुडालं' हा प्रश्न बाजूला ठेवा. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावंसं वाटतं, आणि तुमचं तर तीनदा पोळलं आहे. तुमची शंका मला पटते. फक्त ती आत्ता जिथे रोखलेली आहे तिथे तिच्या हाती फारसं काही लागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पटकथा-संपादनाचं काम करते. मालिका लिहिली जात असताना लेखकांच्या खोलीत बसायचं आणि कंटाळवाणे प्रश्न विचारायचे. हा माणूस मागच्या भागात लंगडत होता, आज धावतो कसा? हे पत्र तिच्या हाती आलं कधी? तो निरोप त्याच्यापर्यंत कुणी पोचवला? अठरा वर्षं हेच करते आहे, आणि त्यात प्रलयानंतरच्या कथांवर तीनदा काम केलं. त्यातल्या पहिल्या कामात मी जे शिकले तेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे.

आम्ही सहा जण होतो. जग कशाने बुडवायचं यावर साडेतीन आठवडे खल केला. विषाणूवर एकोणीस पानी टिपण तयार झालं. तो कुठून आला, कसा पसरला, कोण वाचलं, का वाचलं, सगळं त्यात होतं. मग भाग लिहायला घेतले. चौथ्या भागात चाळीस माणसं एका जुन्या शाळेच्या इमारतीत आसरा घेतात. तिथे एक प्रसंग होता: नायिका परातीत पाणी घेऊन एका म्हाताऱ्याची जखम धुते आणि दोघं बोलतात. संवाद सुंदर होते. मी विचारलं, हे पाणी आलं कुठून? कुणीतरी म्हणालं, आवारात विहीर आहे असं दाखवू. मी म्हटलं, मग सहाव्या भागात शत्रू वेढा घालतो आणि ही माणसं तिसऱ्या दिवशी तहानेने शरण येतात, ते कसं?

खोलीत शांतता पसरली. विहीर असेल तर वेढा कोसळतो आणि विहीर नसेल तर परात रिकामी राहते. शेवटी कागद-पेन घेऊन हिशोब मांडला. आपत्तीतल्या मदतकार्यात माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरतात. चाळीस माणसांचे झाले ६०० लिटर. नदी अर्ध्या तासावर. माणूस एका खेपेला फार तर २० लिटर आणील, म्हणजे वीस किलोचं ओझं. तीस खेपा, प्रत्येक खेप येऊन-जाऊन तासाची. तीन माणसांचा दहा-दहा तासांचा अख्खा दिवस नुसत्या पाण्यात जातो. मग पुढचा प्रश्न आपोआप आला: ही तीन माणसं कोण? ज्यांना बंदूक चालवता येत नाही ते? ज्यांच्याकडे गटाला द्यायला दुसरं काही नाही ते? की पाळीपाळीने सगळे? पाळी असेल तर ती कोण ठरवतं, आणि चुकवली तर काय होतं?

त्या दुपारी आम्हाला एक मुलगा सापडला. पाणी वाहणारा, पंधरा-सोळा वर्षांचा. दिवसातून दहा वेळा फाटकातून ये-जा करतो, त्यामुळे आतलं-बाहेरचं सगळं त्याला ठाऊक. त्याला कुणी नावाने हाक मारत नाही. सहाव्या भागात फाटक उघडून देणारा तोच निघाला, आणि त्याचा राग येण्याऐवजी आम्हा सगळ्यांना स्वतःचीच लाज वाटली. तो भाग नव्याने लिहिला. विषाणूवरच्या एकोणीस पानांतलं एक वाक्यही त्यात आलं नाही. ती मालिका पुढे बनलीच नाही, निर्मात्यांनी हात आखडता घेतला. तो मुलगा मात्र अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

म्हणून सांगते, कारण पटण्यावर फार अडून बसू नका. आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे: एक खोटं माफ. सुरुवातीला मालिकेने एकच अशक्य गोष्ट मागावी, आणि प्रेक्षक ती मोकळ्या मनाने देतो. त्यानंतर मात्र जे घडेल ते त्या एका खोट्याशी इमान राखून घडलं पाहिजे. बीबीसीची 'सर्व्हायव्हर्स' ही मालिका १९७५ साली आली. तिने हे खोटं शीर्षकांतच उरकून टाकलं. प्रयोगशाळेत काचेचं भांडं हातातून निसटून फुटतं, शास्त्रज्ञ विमानाने निघतो, पासपोर्टवर एकामागून एक शिक्के पडत जातात. दोन मिनिटंही लागत नाहीत. पहिल्याच भागात नायिकेला एक म्हातारा शिक्षक भेटतो. त्याचं म्हणणं असं, की दुकानांत जे उरलं आहे ते संपणार. साध्यातली साधी वस्तूही मुळापासून कशी करायची हे आपल्यातल्या एकालाही येत नाही. ते शिकला नाहीत तर टिकणार नाही. मालिकेचा खरा विषय तो आहे, फुटलेलं भांडं नव्हे.

२०२३ च्या 'द लास्ट ऑफ अस'नेही तसंच केलं. सुरुवातीला १९६८ सालच्या टीव्हीवरच्या गप्पांचा एक प्रसंग येतो. त्यात एक तज्ज्ञ सांगतो की मुंग्यांच्या शरीराचा ताबा घेणारी बुरशी अस्तित्वात आहे, माणसाच्या अंगातली ऊब ती सोसू शकत नाही, पण पृथ्वी थोडी तापली आणि बुरशीने जुळवून घेतलं तर आपल्याकडे उपाय नाही. अशी बुरशी खरोखरच असते. ती माणसात येते हे या मालिकेचं माफ केलेलं एक खोटं. संसर्ग पसरला कसा, हे तर पहिल्या भागात कुणी बोलूनही दाखवत नाही. त्या सकाळी घरात पॅनकेकचं पीठ नसतं, शेजाऱ्यांची बिस्किटं नाकारली जातात, वाढदिवसाचा केक आणायचा राहून जातो. पिठातून आलं असावं हे चाणाक्ष प्रेक्षकांनी तेवढ्यावरून ओळखलं. कारण सांगावं तर असं, जाता जाता.

याच्या उलट टोकाला २०१२ ची 'रिव्होल्यूशन'. जगभरची वीज एका क्षणी गेली, पुढे पंधरा वर्षं उलटली. कल्पना जबरदस्त होती आणि सुरुवातीला प्रेक्षकही भरपूर मिळाले. पण 'वीज का गेली' हेच तिने गळाचं आमिष केलं, आणि मग प्रेक्षक तेच चघळत बसले. बॅटरी का चालत नाही? डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, मग ते का बंद? मेंदूपासून बोटापर्यंत जाणारे संदेशही विजेचेच असतात, मग माणसं चालतात-बोलतात कशी? या प्रश्नांत प्रेक्षकांची काही चूक नव्हती, त्यांना मालिकेनेच त्या कामाला लावलं होतं. वीज शोषून घेणारी अतिसूक्ष्म यंत्रं हे उत्तर पुढे आलं, तोवर रहस्याचं भिजत घोंगडं होऊन बसलं होतं. दोन सीझन, ४२ भाग, आणि २०१४ च्या मे महिन्यात मालिका बंद. ती केवळ एवढ्यामुळे बंद पडली असं मी म्हणणार नाही. पण जी मालिका कारणालाच कोडं करते ती प्रेक्षकाला पात्रांकडे बघूच देत नाही, हे मी लेखकांच्या खोलीत आतून पाहिलं आहे. तुमच्या नव्या मालिकेच्या ट्रेलरमध्ये कारणाबद्दल अवाक्षर नाही म्हणता. दोन शक्यता आहेत: एक तर त्यांना ते महत्त्वाचं वाटत नाही, किंवा तेच त्यांचं आमिष आहे. पहिली असेल तर शुभलक्षण. दुसरी असेल तर दुसऱ्या भागाच्या शेवटी कळेलच. कुणीतरी अर्धवट नकाशा, चिठ्ठी किंवा गुप्त दार दाखवून भाग संपवला आणि त्या दाराचा तिथल्या माणसांच्या पोटापाण्याशी काही संबंध नसेल, तर तुमची शंका खरी ठरली असं समजा.

मग शंका घ्यायची कशावर? उणिवेवर. जग बुडालं म्हणजे काहीतरी नाहीसं झालं. जे नाहीसं झालं त्याची किंमत पात्रांना रोज मोजावी लागते का, एवढं बघा. याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'चे २००४ चे पहिले तीन भाग. अवकाशयानांची गोष्ट आहे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका, मुळात ती प्रलयानंतरचीच कथा आहे. सगळी मानवजात मारली गेली आहे आणि जहाजांच्या ताफ्यात पन्नासेक हजार माणसं उरली आहेत. पहिल्या भागात शत्रू दर ३३ मिनिटांनी हल्ला करतो. पाच दिवसांहून जास्त काळ कुणी धड झोपलेलं नाही. अध्यक्षीणबाईंच्या मागे एक पांढरा फळा आहे आणि त्यावर जिवंत माणसांचा आकडा. माणसं जातात तसा त्या तो पुसून कमी करत जातात. भागाच्या शेवटी ताफ्यात एक मूल जन्माला आल्याची बातमी येते. बाई उठतात, फळ्याशी जातात आणि आकड्यात एक मिळवतात. भाषण नाही. मी तो प्रसंग नव्या लेखकांना कितीदा दाखवला असेल, गणती नाही.

पण मला जास्त आवडतं ते त्यानंतरचं. दुसऱ्या भागात पाण्याच्या टाक्या फुटतात. ताफ्यातलं पाणी अवकाशात वाहून जातं आणि पाण्याचा शोध सुरू होतो. बर्फ सापडतो. तिसऱ्या भागात प्रश्न येतो, हा बर्फ फोडणार कोण? काम जिवावरचं, माणसं कमी. ताफ्यात कैद्यांचं एक जहाज आहे, मग त्यांना कामाच्या बदल्यात सुटकेचं आमिष दाखवायचं ठरतं. कैद्यांचा पुढारी म्हणतो, आम्ही गुलाम नाही, आणि आधी हे सांगा की तुम्हाला निवडून कुणी दिलं? बंड होतं आणि शेवटी निवडणुकीचं वचन द्यावं लागतं. टाकी फुटण्यापासून निवडणुकीपर्यंत एकही दुवा लेखकाने वरून लादलेला वाटत नाही. तहान लागली म्हणून मजूर लागले, मजूर लागले म्हणून हक्काचा प्रश्न आला. आमच्या नदीवरच्या तीस खेपांमागचा विचार हाच होता, फक्त त्यांनी तो आमच्या कितीतरी आधी आणि कितीतरी उत्तम केला होता.

'जेरिको'मध्येही हे दिसतं. अमेरिकेतल्या तेवीस शहरांत अणुबाँब फुटतात आणि कॅन्ससमधलं एक छोटं गाव उरतं. मालिका जेव्हा कटकारस्थानांच्या मागे धावते तेव्हा ती साधारण आहे. पण मीठ आणि पवनचक्क्या यांचा सौदा सुरू होतो तेव्हा ती जिवंत होते. एका गावाकडे मिठाची खाण आणि शेतजमीन, शेजारच्या गावाकडे पवनचक्क्या बनवायची सोय. सुरुवातीला देवाणघेवाण चालते, मग एकाला वाटतं आपण जास्त देतोय, आणि पुढे शेजारी एकमेकांवर बंदुका रोखतात. खलनायक आणून बसवावा लागला नाही, मीठ पुरलं.

आणि सगळीकडे भांडणच हवं असंही नाही. 'द लास्ट ऑफ अस'च्या तिसऱ्या भागात दोन माणसं कुंपणाच्या आत कित्येक वर्षं एकत्र राहतात. त्यातल्या एकाने दुसऱ्याच्या नकळत एक लहानसं पिस्तूल देऊन त्या बदल्यात स्ट्रॉबेरीच्या बियांचं पाकीट घेतलेलं असतं. पहिल्या स्ट्रॉबेरीचा घास घेतल्यावर दुसरा माणूस, जो एरवी दगडासारखा कोरडा, तो हसतो, मग त्याचे डोळे भरून येतात. एका पाकिटात लेखकाने सांगून टाकलं की या जगात बंदूक मुबलक आहे आणि गोड चव दुर्मीळ, आणि या दोघांतल्या एकाला ते आधी कळलं होतं. उणीव जाणणारा लेखक प्रेमकथा लिहितो तीही अशी.

आता कपडे आणि गाड्या. इथे तुमची शंका अगदी योग्य जागी आहे, फक्त थोडं आतलं सांगते. गाड्यांचं तर सरळ आहे. पेट्रोल टिकत नाही. त्यातला चटकन उडून जाणारा भाग उडतो, हवेशी संयोग होऊन चिकट थर धरतो, आणि काही महिन्यांत, फार तर वर्षभरात ते धड पेटेनासं होतं. बॅटऱ्या त्याच्याही आधी मरतात, टायर कडक होऊन तडकतात. वीस वर्षांनी गाड्या सुसाट धावत असतील तर कुणीतरी इंधन नव्याने बनवत असलं पाहिजे. ते कोण, आणि त्याच्या हातात किती सत्ता आहे, हे मालिकेने दाखवलं तर गाडी धावू द्या. दाखवलं नाही तर तो निव्वळ आळस आहे. 'द लास्ट ऑफ अस'ने हा मुद्दा टाळला नाही. चौथ्या भागात जुनं पेट्रोल पाण्यासारखं झालंय म्हणून पात्राला वाटेत पुन्हा पुन्हा थांबून ते नळीने काढावं लागतं, आणि त्या थांबण्यातच दोन पात्रांच्या गप्पा होतात. अडचण लपवली असती तर गप्पांची जागाही गेली असती.

कपड्यांच्या बाबतीत मी थोडी उदार आहे. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. सकाळी दहाव्या भागातला प्रसंग, दुपारी दुसऱ्या भागातला. खरी दाढी, खरी मळकी वेणी, खरा विटत जाणारा सदरा हे क्रमाने सांभाळणं महाकठीण असतं. शिवाय चेहरा विकला जातो, त्यामुळे नायिकेचे केस विस्कटायला वरून परवानगी लागते, हे मी स्वतः अनुभवलं आहे. तेव्हा केसांकडे बघू नका, पायांकडे बघा. जोडे हे प्रलयानंतरच्या जगातलं सगळ्यात खरं बोलणारं साधन. रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्यांचे तळवे झिजतात, शिवण उसवते, दोन पायांत दोन वेगळे जोडे येतात. ज्या मालिकेत कुणीतरी कधीतरी जोडा दुरुस्त करताना दिसतं तिच्या कला विभागाला आणि लेखकांना एकमेकांशी बोलायची सवय आहे असं खुशाल समजा. चष्म्याचंही तेच. जगातल्या एवढ्या माणसांना चष्मा लागतो आणि प्रलयात वाचलेल्या प्रत्येकाची नजर कशी बरोबर गरुडाची असते, याचं मला कायम वाईट वाटतं. फुटलेल्या काचेचा चष्मा जपून वापरणारी एक बाई मला कुणी दाखवली तर तिच्यासाठी मी अख्खा सीझन बघीन. इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलाचं काय होतं, हे विचारायचं धैर्य तर फारच थोड्यांना होतं.

गवताबद्दलही एक सांगते. ओस पडलेल्या गावातली हिरवळ कापलेली दिसते, कारण चित्रीकरणाची जागा कुणाच्या तरी मालकीची असते आणि तिथे माळी रोज येतो. चेर्नोबिलजवळचं प्रिप्यत शहर २७ एप्रिल १९८६ ला रिकामं केलं. आज तिथल्या रस्त्यांतून, मैदानांतून झाडं उभी आहेत. पैसा असेल तर हे उभं करता येतं, नसेल तर कॅमेरा आत, खोलीत न्यावा. गरीब मालिकेला मी गवत माफ करते. श्रीमंत मालिकेला नाही.

याहून खोल कसोटी भाषेची. वीस वर्षं म्हणजे नंतर जन्मलेली एक पिढी वयात आलेली. ती मुलं आपल्यासारखी बोलतात का? बीबीसीच्या १९८४ च्या 'थ्रेड्स' या चित्रपटात अणुयुद्धानंतर तेरा वर्षांनी मुलं तुटक, अर्धवट शब्दांत बोलतात. त्यांना शिकवायला एक जुनी व्हिडिओ कॅसेट लावलेली असते. त्यांना शिकवणारी घरं, शाळा काहीच उरलं नव्हतं, आणि लेखकाने ते संवादांत उतरवलं. हे बघणं जड जातं. मुलीला तो चित्रपट आत्ताच दाखवू नका, पण तुम्ही एकट्याने जरूर बघा.

राहिली तुमची तिसरी शंका, मधेच बंद पडण्याची. तिथे मी तुम्हाला धीर देऊ शकत नाही, आणि त्यात तुमचा किंवा लेखकाचा दोष क्वचितच असतो. 'वाय: द लास्ट मॅन' २०२१ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि पहिला सीझन दाखवून संपण्याआधीच, ऑक्टोबरात, ती पुढे चालणार नाही हे जाहीर झालं. कलाकारांच्या करारांची मुदत संपत आली होती, आणि प्रेक्षकांचा कौल पुरता कळण्याआधी वाहिनीला निर्णय घ्यावा लागला. 'जेरिको' पहिल्या सीझननंतर बंद केली तेव्हा चाहत्यांनी वाहिनीच्या कचेऱ्यांवर वीस टनांहून जास्त शेंगदाणे पाठवले, कारण शेवटच्या भागात नायक शत्रूला उत्तर देतो तो शब्द होता 'नट्स'. सात भागांचा दुसरा सीझन मिळाला, तो २००८ मध्ये आला आणि मग मालिका संपली. सात भाग म्हणजे काही फार नव्हे, पण त्या शेंगदाण्यांबद्दल मला फार आदर आहे.

बंद पडण्यापेक्षा मला जास्त राग येतो तो ताणण्याचा. 'द वॉकिंग डेड'ने २०१६ च्या एप्रिलमध्ये सीझन संपवताना खलनायक कुणाला तरी मारतो एवढं दाखवलं, पण कुणाला ते लपवलं. उत्तर मिळायला ऑक्टोबर उजाडला. त्या भागाला अमेरिकेत जवळपास १ कोटी ७० लाख प्रेक्षक होते, आणि त्यानंतर आकडे घसरत गेले ते परत वर आले नाहीत. पात्र मेलं म्हणून लोक गेले असं मला वाटत नाही. मृत्यू हा त्या जगाचा नियमच होता, लोकांनी तो स्वीकारलेला होता. आपल्या दुःखाला सहा महिने टांगून ठेवलं, हे मात्र त्यांना सहन झालं नाही.

म्हणून नव्या मालिकेबद्दल एवढं शोधा: शेवट ठरलेला आहे का? निर्माते आधीच सांगतात का की इतक्या भागांत गोष्ट पूर्ण होईल? 'स्टेशन इलेव्हन' दहा भागांत पूर्ण झाली. तिचं चित्रीकरण २०२० च्या जानेवारीत सुरू झालं आणि साथीची ती गोष्ट खऱ्या साथीमुळे थांबली, पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहिली. तिच्यात विमानतळावर अडकलेली माणसं निकामी झालेल्या वस्तूंचं संग्रहालय मांडतात. मोबाइल फोन, क्रेडिट कार्डं, सगळं नीट ओळीने. ती बघताना मला एकदाही घाईची किंवा ताणल्याची जाणीव झाली नाही, कारण सांगणाऱ्याला कुठे पोचायचं ते माहीत होतं. 'सायलो'च्या निर्मात्यांनीही चार सीझनांत संपणार हे आधीच जाहीर करून टाकलं. अशी घोषणा मला पोस्टरवरच्या कुठल्याही स्तुतीपेक्षा मोलाची वाटते.

पहिल्या भागावर निकाल देऊ नका असं म्हटलं, त्याचं कारण साधं आहे. पहिल्या भागाला वेळ, पैसा आणि नावाजलेला दिग्दर्शक मिळतो. 'रिव्होल्यूशन'चा पहिला भाग जॉन फॅव्हरोने केला, 'वॉकिंग डेड'चा फ्रँक डॅरबॉन्टने, आणि दोन्ही देखणे होते. त्यात जग मोडताना दिसतं, आणि मोडणं कुणालाही बघवतं. दुसऱ्या-तिसऱ्या भागात मालिका रोजच्या वेगाला येते, मोठे देखावे संपतात, माणसं एका खोलीत बसतात. तिथे कळतं की लेखकाकडे पाण्याचा हिशोब आहे की नाही.

आणि मुलीबरोबरच बघा. हिंसा किती आहे ते आधी एक भाग स्वतः पाहून ठरवा, पण चौदा वर्षांच्या मुलीचे प्रश्न आपल्यापेक्षा अचूक असतात, कारण तिला अजून दुर्लक्ष करायची सवय लागलेली नसते. दुसरा भाग संपला की टीव्ही बंद करून तिला एवढंच विचारा: ही माणसं उद्या सकाळी उठून काय काय करतील? पाणी कोण आणेल, स्वयंपाक कोण करील, पहाऱ्याला कोण बसेल, आणि त्यातलं कोणतं काम चुकलं तर भांडण होईल? तिला पटापट सांगता आलं तर तिसरा भाग लावा. ती गप्प राहिली किंवा 'ते दाखवलंच नाहीये' म्हणाली, तर तिसरा भागही बघा, पण त्यानंतर दुसरं काहीतरी शोधा. आणि ती काय म्हणाली ते मला जरूर कळवा.